पापणीतला केस

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. उरलेल्या खुर्च्यांवर लवकर आलेले बसले होते, बाकीचे एकमेकांच्या पायांवर. सगळ्यांच्या नजरा समोरच्या उंच स्टुलावर होत्या आणि ज्यांना नजरच नीट नव्हती त्यांचे कान तिकडे होते. मोकळेबाबांनी स्टुलावरच्या म्हाताऱ्याची मान मागे कलती केली, काचेच्या कुपीतलं गार पाणी त्याच्या डोळ्यात सोडलं, अंगठ्यानं पापणी उलटी केली, काहीतरी पुटपुटले आणि त्या डोळ्यातून हातभर लांब काळा केस ओढून काढला. दिव्याच्या उजेडात तो सगळ्यांना दिसला.

"झालं मोकळं," बाबा म्हणाले.

"झालं मोकळं," सगळा हॉल म्हणाला. म्हातारा उठला, डोळे मिचकावून पाहिले, टोचत नाही म्हणाला आणि रडायला लागला. शेजारच्या बाईनं मला सांगितलं, की त्याचं आयुष्यभर सलून होतं, म्हणून केस निघाला. काल एका शिंपिणीच्या डोळ्यातून दोरा निघाला आणि सुताराच्या डोळ्यातून लाकडाची ढलपी. ज्याचा जो धंदा, त्याचं तेच पाप डोळ्यात जातं म्हणे. ती डोळे पुसत होती. मी पाहत होते, की म्हाताऱ्याच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता आणि डोळ्यात मात्र कमरेएवढा वाढला होता.

त्याच्यानंतर आमचा नंबर होता. आमचा म्हणजे सासूबाईंचा. त्यांचा एक दंड धरून माझी नणंद, दुसरा धरून मी, आणि मागे माझा नवरा. त्याला आईही दुखवायची नव्हती आणि बायकोही, त्यामुळे त्याचे नेहमी दोन्ही डगरींवर हात.

आमचं घर केसांवर चालतं. खाली कारखाना, वर आम्ही. आम्ही केसांचे टोप बनवतो: नाटकवाल्यांसाठी, आणि हल्ली जास्त करून कॅन्सरच्या औषधांनी केस गेलेल्या बायकांसाठी. लाकडी मुंडक्यावर बारीक जाळी ताणून बसवायची आणि आकड्याच्या सुईनं तिच्यात एक एक केस गाठवत जायचं. कपाळाकडची कड सासूबाईंनी केली असली, की टोप आहे हे नवऱ्यालाही कळत नाही, असं गिऱ्हाइकं सांगायची. त्या एरवी कडक बाई. माझी पहिली कितीतरी कामं त्यांनी उसवून परत माझ्यासमोर ठेवली आहेत.

त्यांचा उजवा डोळा लाल झाला तेव्हा कारण शोधायला कोणी लांब गेलंच नाही. केसांच्या घरात डोळ्यात केस नाही जाणार तर काय जाणार? विंचरताना उडणारा भुगा आम्हा सगळ्यांच्याच नाकातोंडात जातो. चौकातल्या डॉक्टरांनीही तेच धरलं, ॲलर्जीचे थेंब दिले, ते संपले की दुसरे दिले. केर डोळ्यात नि फुंकर कानात, असं ते चाललं होतं. मग डोळ्यात वाळू भरल्यासारखं टोचायला लागलं. उजेड सहन होईना. सकाळी पापणी बोटानं सोडवल्याशिवाय उघडेना. उजव्या डोळ्याला सुईचं टोक दिसेनासं झालं तेव्हा सासूबाई कोणाला काही न बोलता डाव्यावर काम करायला लागल्या, आणि वर्षभरात डावाही लाल झाला. आम्ही सगळे डोळ्यात गेलेला केस शोधत बसलो होतो. मग तो काढून दाखवणारा माणूस भेटल्यावर घर त्याच्यामागे गेलं यात नवल नाही.

बाबांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

"माई, तुझ्या घरात परक्या बायांचे केस आहेत," ते म्हणाले. "त्यातली एक रडत केस देऊन गेली. तिनं तुला माफ केलेलं नाही. तिचा केस तुझ्या डोळ्यात वाढतोय."

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. तशी एक मुलगी आली होती. वेणी टेबलावर ठेवून ती जिन्यात बसून रडली होती, आणि सासूबाईंच्या मनातून ती कधी गेली नव्हती. बाबांना हे कसं कळलं याचं वन्संना फार आश्चर्य वाटलं. वन्संनी रांगेत पाणी वाटणाऱ्या बाईला आमचा धंदा, आमचं घर आणि आजीच्या आजारापासून सगळी कुळकथा सांगितली होती, हे त्या विसरल्या. आणि केस विकायला हसत कोण येतं? कुठल्याही टोपवाल्याला रडणारी बाई आठवतेच.

पाणी पडलं, पुटपुटणं झालं, केस निघाला. सासूबाईंनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. "टोचत नाही गं," त्या मला म्हणाल्या. कितीतरी महिन्यांत त्यांच्या कपाळावरची आठी मी गेलेली पाहिली नव्हती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तो आराम दोन-तीन आठवडे टिकला. मग परत टोचायला लागलं. बाबा म्हणाले, तिनं परत पाठवला. परत केस निघाला, परत आराम पडला, परत टोचलं. दर खेपेला बाबांचा एक नियम वाढला. डॉक्टरांचे थेंब बंद, कारण दोन औषधं एका डोळ्यात भांडतात. खिडक्या बंद, कारण तिचा केस वाऱ्यावरून येतो. दुखलं की कुपीतलं पाणी घालायचं आणि पट्टी बांधायची. आणि घरातला केस थोडाथोडा करून शांतीसाठी बाबांकडे आणून द्यायचा. आमचा लांब, न रंगवलेला, निवडक माल जुड्या बांधून तिकडे जायला लागला. त्याची शांती कुठे झाली कोण जाणे, आमच्या कपाटात मात्र झाली.

सासूबाईंच्या खोलीच्या काचांना वन्संनी जाड कागद चिकटवला. आत दिवसाही अंधार, कोंदट वास आणि पलंगाच्या कडेला पट्टी बांधून बसलेल्या सासूबाई. न्हाणीघरापर्यंत त्या भिंतीला हात लावून जायच्या. खाली सुया चालल्याचा आवाज येत नाही म्हणून त्यांना कळायचं, की काम थांबलंय. मी दार उघडलं की त्या आधी विचारायच्या, "बाबांचा दिवस कधी?" दुसरं काही त्यांना उरलं नव्हतं. बाबांकडे गेलं नाही तर टोचणार, गेलं तर आणखी एक दार बंद होणार. आणि दोन खेपांमधलं अंतर कमी कमी होत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथे काडीच बुडवत होती आणि ती सोडायला सांगायची आम्हाला सोय नव्हती. त्यांच्याबरोबर आम्हीही त्या खोलीत कोंडलो होतो. मी चिडचिडी झाले, नवरा मुका झाला, आणि जेवताना सुद्धा आम्ही हळू बोलायला लागलो.

बाबा काढलेला केस कागदाच्या पुडीत घालून परत देत, उशाखाली ठेवायला. एकदा चादर बदलताना पुडी खाली पडली आणि उघडली. केस हातात आला तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं. आमच्याकडे नवीन माल आला की आधी त्यातला एक केस जाळून बघतात. माणसाचा केस चुरचुरत जळतो, घाण वास येतो आणि बोटांत राख होते. नकली असेल तर वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. मी तो केस खाली कारखान्यात नेला आणि नवऱ्यासमोर त्याला काडी लावली. केस आक्रसला, प्लास्टिकचा वास सुटला आणि टोकाला काळा मणी धरला. नवऱ्यानं तो मणी नखानं टोकरून पाहिला. खरा केस त्या हॉलमध्ये आत जात होता आणि खोटा बाहेर येत होता. केसानं गळा कापणं यालाच म्हणत असावेत.

मी जिंकल्याच्या तोऱ्यात वर गेले. सासूबाईंच्या हातावर मणी ठेवला आणि सांगितलं, की आई, हा कोणत्याही बाईचा केस नाही, हे नायलॉन आहे. त्यांनी मणी चाचपला. त्यांना पटलं, हे मला दिसलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "केस खोटा असेल. पण टोचायचं थांबतं ते खोटं आहे का? ज्याचं जळतं त्याला कळतं. तुझं शहाणपण माझ्या डोळ्यात घाल आणि सांग, थांबतंय का ते."

मी तणतणत खाली आले, आणि मुंडक्यासमोर बसल्यावर माझा राग ओसरला. त्या बरोबर बोलल्या होत्या. केस खोटा आहे एवढंच मी सिद्ध केलं होतं. आराम खरा होता. लोकांना मूर्ख म्हणून आपण मोकळे होतो, पण त्या हॉलमधला म्हातारा नाटक करत नव्हता आणि माझी सासूही करत नव्हती. पापणी उलटवल्यावर बाबा त्या डोळ्याला खरोखर काहीतरी करत होता. ते काय, हा प्रश्न होता.

पुढच्या दुखण्याच्या दुपारी मी त्यांना म्हटलं, की बाबांच्या दिवसाला अजून वेळ आहे, तोवर मला एकदा बघू द्या. दुखण्यानं त्या इतक्या टेकीला आल्या होत्या, की हो म्हणाल्या. मी कारखान्यातला दिवा आणि जाळीवर काम करायचं मोठं भिंग वर आणलं. उजेडानं त्यांनी डोळे गच्च मिटले. थोडं थांबून मी डाव्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढली आणि भिंग आणखी जवळ नेलं.

पापणीचे केस बाहेर नव्हते. ते आत वळले होते आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावरून फिरत होते. त्याहून वाईट म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये जी खोबण असते ती जवळजवळ नव्हतीच. तिथे गुलाबी पट्टे ताणलेले होते. पापणी डोळ्याला चिकटत चालली होती. उजवीकडे ती चिकटून बसलीच होती.

मी सगळ्यात बारीक चिमटा घेतला, स्वच्छ धुतला आणि आत वळलेले केस एक एक करून उपटले. हे घरी कोणीही करू नये. त्याबद्दल डॉक्टरांनी मला नंतर चांगलंच झापलं. पण त्या दिवशी ते केलं आणि सासूबाईंना डोळा उघडायला सांगितलं.

"टोचत नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कोणता मंत्र म्हणालीस?"

"कोणताच नाही."

मी ते केस त्यांच्या तळहातावर ठेवले. नखाएवढेही नव्हते. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं ते चाचपले.

"हे कोणाचे?"

"तुमचेच आहेत, आई. पापणीचे. बाबाही हेच उपटतो. नायलॉनचा केस त्याच्या बोटांमागे असतो, तो लोकांना दाखवायला. हे परत उगवतात, म्हणून परत टोचतं."

त्यांनी मूठ मिटली. मग म्हणाल्या, "आणि मी मात्र त्या पोरीला शिव्या देत होते." आणि रडल्या. कोरड्या पडलेल्या डोळ्यांना नीट पाणीही येत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. शेवटी त्यांनी मान वर केली आणि त्या हॉलमध्ये कोणी कधी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

"पण पापणीचा केस आत कशाला वळेल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. वन्संनी आमच्याशी बोलणं टाकलं.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बघण्याआधी डोळ्यात एक थेंब टाकला आणि सासूबाई ताठ बसल्या. म्हणाल्या, हे तर बाबांचं पाणी. तसंच गार, आणि तसंच टोचणं गायब. डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम थांबवलं. हे डोळा बधिर करायचं औषध आहे, त्या म्हणाल्या, आम्ही तपासण्यापुरतं एखादा थेंब घालतो. घरी रोज घालत बसलं तर डोळ्याचा वरचा थर झिजून जातो आणि जखम झालेली कळतही नाही. आमच्या घरी ते दुखलं की घालायचं होतं. मी खाली मान घातली.

मग यंत्रातून बघता बघता त्यांनी सहज विचारलं, की तोंडात फोड येतात का, हिरड्या सोलतात का. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. येत होते. वर्षभर येत होते आणि दात घासताना रक्त यायचं. ब्रश कडक असेल म्हणून त्या कोणालाच बोलल्या नव्हत्या, मलाही नाही.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

मोकळेबाबांनी इथे डोळे मिटले असते. डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्याला आतून जे नाजूक अस्तर असतं तसंच तोंडातही असतं. ते अस्तर खालच्या थराला धरून ठेवणारा एक चिकट धागा असतो. शरीराचे पहारेकरी एरवी रोगजंतूंना मारतात. या आजारात ते त्या धाग्यालाच चोर समजून बडवायला लागतात. अस्तर सुटतं, सुजतं, लाल होतं, आणि बरं होताना व्रण धरतं. व्रण आक्रसतो. डोळ्याची खोबण बुजते, पापणी आत ओढली जाते, केस आत वळतात, अश्रू आटतात. ज्यांना डोळ्यात हे होतं त्यांना पुष्कळदा तोंडातही होतं, म्हणून विचारलं. आजार दुर्मिळ आहे, सुरुवातीला साध्या डोळे येण्यासारखा दिसतो, आणि चौकातल्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटणं नवलाचं नाही. केसांच्या भुग्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कोणाच्या शापाचाही नाही.

त्यांनी अस्तराचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. तिथे खास रंग लावला की पहारेकऱ्यांनी जिथे हल्ला केलाय ती रेघ चमकते. ती चमकली. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि गोळ्या सुरू झाल्या, शरीराच्या त्या पहारेकऱ्यांना आवर घालणाऱ्या. या गोळ्या सोप्या नाहीत. रक्त परत परत तपासावं लागतं, साध्या तापालाही घाबरावं लागतं. आंधळा मागतो एक डोळा, आणि सासूबाईंनी तोच मागितला. डावा आहे तेवढा बहुतेक राखता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उजव्याची आशा नाही. झालेला व्रण कोणतीही गोळी पुसत नाही. थोडं आधी आला असता तर, एवढं बोलून त्या थांबल्या.

घरी येऊन नवऱ्यानं खिडक्यांचे कागद फाडले. सासूबाई उजेडात बसल्या, गडद चष्मा लावून. गाठवायचं काम आता त्यांच्यानं होणार नव्हतं. काही महिने गोळ्या घेतल्यावर डाव्या डोळ्याची लाली उतरली, व्रण पुढे सरकायचा थांबला, आणि एका सकाळी त्या म्हणाल्या, की मला त्या हॉलमध्ये घेऊन चल.

बाबांनी त्यांना ओळखलं आणि आनंदानं स्टुलावर बसवलं. सासूबाईंनी उजवा डोळा पुढे केला. पाणी पडलं, पुटपुटणं झालं, हातभर केस निघाला. सासूबाईंनी हात पसरला. त्यांनी केस बोटांत फिरवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "या पापणीचे केस डॉक्टरांनी मुळासकट जाळलेत. इथे उपटायला एक शिल्लक नाही. मग तू काय काढलंस?" मी काडी ओढली. पहिल्या दोन-तीन ओळींतल्या लोकांनी केस वितळताना पाहिला आणि त्यामागच्यांना वास गेला. कोणीतरी हसलं. बाबा म्हणाले, की श्रद्धा नसेल त्याच्या हातात केसाचंही प्लास्टिक होतं. मग त्यांच्या माणसांनी भोंगा मोठा केला आणि आम्हाला हळूच दाराबाहेर आणलं.

चमत्कार असा एका काडीनं जळत नाही, हे मला बाहेरची रांग बघून कळलं. ती तशीच होती. आतलं ऐकून चार-दोन लोक उठले, बाकीचे त्यांच्या जागी पुढे सरकले. त्यांच्यात एक टॅक्सीवाला होता, तिशीचा असेल. एक डोळा लालभडक, दुसऱ्यावर पट्टी. त्यानं सासूबाईंना हाक मारली.

"मावशी, तुमचं खरं असेल. पण मला आराम पडतो."

सासूबाई वळल्या आणि आवाजाच्या दिशेनं त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मलाही पडायचा," त्या म्हणाल्या. "आराम पडला तर पडू दे रे. पण कशानं पडला ते विचारत जा. जो सांगेल त्याच्याकडे जा, जो सांगणार नाही त्याच्याकडून ऊठ. मी विचारलं नाही. माझा हा डोळा आराम पडत असतानाच गेला."

टॅक्सीवाल्यानं पट्टीवर हात ठेवला. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, की मला फार उशीर झालाय का.

"ते मला नाही दिसत," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना दिसेल. चल, माझा हात धर. आपण जाऊ."